‘गाडी चाललीच नाही, मग टायमिंग बेल्ट कशाला बदलायचा?’ या मेसेजला उत्तर

सेकंडहँड मोठ्या बाइक घेणाऱ्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "डुकाटी सात-आठ वर्षं जुनी असली तरी पाच-सहा हजार किलोमीटरच चाललेली असेल, तर टायमिंग बेल्टच्या भानगडीत पडू नका. बेल्ट झिजतो तो चालून. वर्षांची अट कंपनीनं सर्व्हिसचा गल्ला भरायला घातलीय. कव्हर उघडून बघा, तडे नसतील तर बिनधास्त चालवा. तुटलाच तर गाडी बंद पडेल, टेम्पोत घाला, नवा बेल्ट टाका, विषय संपला."

पुण्या-मुंबईची अशी गाडी घेऊन सोलापुरात आणणाऱ्यानं हे खरं मानलं तर त्याचं इंजिनच जाऊ शकतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ. त्याआधी एक गोंधळ निस्तरायला हवा, कारण मेसेज पुढं पाठवताना बऱ्याच जणांनी ‘डुकाटी’ हा शब्दच गाळलाय आणि आता पल्सरवालेही विचारताहेत.

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातला कॅम (व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा दांडा) पिस्टनच्या चालीशी जुळवून फिरवणारा दातेरी पट्टा. स्प्लेंडर, पल्सर, केटीएम या गाड्यांत तो नसतोच. तिथं टायमिंग चेन असते, इंजिन ऑइलमध्ये फिरते आणि तिला वर्षांची अट नसते. ॲक्टिव्हा-ज्युपिटरचा बेल्ट व्हेरिएटरचा (स्कूटरमध्ये गिअरचं काम करणाऱ्या यंत्रणेचा) आणि हार्लेचा बेल्ट मागचं चाक फिरवणारा. तो तुटला तर चाकाला ताकद जात नाही, इंजिनातले व्हॉल्व्ह शाबूत राहतात. डुकाटीतही सरसकट बेल्ट नाही. पानिगाले मालिकेत आणि मल्टिस्ट्राडा व्ही-४ मध्ये चेन आहे. स्क्रॅम्बलर ८००, मॉन्स्टर ७९७ आणि ८२१, मल्टिस्ट्राडा ९५०, डायवेल १२६० या बेल्टवाल्या. पुढचं सगळं यांच्याबद्दल आहे.

"तुटला तर बंद पडेल, नवा बेल्ट टाका, विषय संपला"

सगळ्यात घातक वाक्य हे, म्हणून सुरुवात इथून.

या इंजिनात दोन सिलिंडर, एक आडवा आणि एक उभा, आणि प्रत्येकाला स्वतःचा बेल्ट. पिस्टन वर येतो त्याच जागेत थोड्या वेळापूर्वी उघडा व्हॉल्व्ह उतरलेला असतो. दोघांची गाठ पडत नाही ती फक्त बेल्ट कॅमला ठरल्या वेळी फिरवतो म्हणून. बेल्ट तुटला की त्या सिलिंडरचा कॅम आहे तिथं थांबतो. एखादा व्हॉल्व्ह उघडाच राहतो. डुकाटीच्या डेस्मो पद्धतीत व्हॉल्व्ह उघडायचं काम कॅमचं तसंच बंद करायचं कामही कॅमचंच, त्यामुळं कॅम थांबला की त्याला वर ओढणारं कुणी उरत नाही.

पिस्टन मात्र थांबत नाही. दुसऱ्या सिलिंडरचा बेल्ट शाबूत असतो, तो सिलिंडर ताकद देत राहतो. गाडी गिअरमध्ये असते, चाकही क्रँकला, म्हणजे पिस्टन वर-खाली करणाऱ्या दांड्याला, फिरवत राहतं. क्लच दाबेपर्यंत पिस्टन त्या व्हॉल्व्हवर आदळत राहतो. व्हॉल्व्ह वाकतात, त्यांना सरळ धरणारे गाइड फुटतात, पिस्टनच्या डोक्यावर खड्डे पडतात. व्हॉल्व्हचं डोकं तुटून आत पडलं तर सिलिंडरचा वरचा भाग, म्हणजे हेडही जातं. पुणे रस्त्यावर टेंभुर्णीच्या पुढं शंभरच्या वेगात हे झालं आणि इंजिन जाम झालं, तर मागचं चाक धरण्याचा धोका आहे. तिथं खर्चाचा हिशेब दुय्यम ठरतो.

तुटण्याच्या आधीचाही एक प्रकार असतो. सैल झालेला बेल्ट एखादा दात सोडून सरकतो. गाडी चालू होते पण ताकद नाही, सायलेन्सरमधून फटाके, इंजिन एका पायावर चालल्यासारखं. लोक पेट्रोल जुनं झालं म्हणून टाकी रिकामी करतात, इंजेक्टर साफ करून घेतात आणि मध्येमध्ये सेल्फ मारत राहतात. वर्षानुवर्षं उभी गाडी अशी वागली तर सेल्फ मारणं थांबवा आणि आधी बेल्टच्या पुलीवरच्या खुणा इंजिनवरच्या खुणांशी जुळतात का ते बघा.

"बेल्ट झिजतो तो चालून"

अर्धं खरं. दातांवरचं कापड चालूनच झिजतं. पण बेल्ट म्हणजे नुसतं ते कापड नव्हे. आत ताण पेलणारे काचतंतूंचे किंवा ॲरामिडचे दोरे असतात, त्यांना धरून ठेवणारं रबर असतं. हे रबर उष्णतेनं आणि हवेतल्या ऑक्सिजननं कडक होतं, आणि त्यासाठी गाडी चालायची गरज नसते. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढं जातो. पत्र्याच्या शेडमध्ये कव्हर घालून उभ्या गाडीला तो उकाडा महिनोन्‌महिने सोसावा लागतो.

उभं राहण्याचं वेगळं नुकसानही आहे. बेल्ट हा टेन्शनरच्या, म्हणजे त्याला ताणून धरणाऱ्या भागाच्या, छोट्या रोलरभोवती वळलेला असतो. इंजिन फिरलं नाही तर तोच तुकडा त्याच वळणात, त्याच ताणात राहतो. सोलापूरच्या पूर्वभागातल्या यंत्रमाग कारखानदारांना हे सांगायला नको: माग बरेच महिने बंद राहिला की पट्टा पुलीच्या वळणात बसतो आणि चालू केल्यावर त्याच जागी धक्के देतो. इथं त्याच जागी दोरे कमजोर होतात.

तिसरी गोष्ट सील. गाडी फिरत नसली की कॅमच्या सीलची कड कोरडी पडते, मग चालवायला घेतल्यावर तिथून ऑइल झिरपतं. ते बेल्टवर गेलं की रबर फुगतं आणि दोऱ्यांवरची पकड सोडतं. शिवाय उंदीर. बेल्टचं कव्हर त्यांना आयतं घर, आणि घरट्यातली एक काडी पुली आणि बेल्टमध्ये गेली तरी दात सरकायला पुरेशी असते.

म्हणजे मीटर कमी असणं हे बेल्ट चांगला असल्याचा पुरावा ठरत नाही. आठ वर्षांत सहा हजार चाललेली गाडी बहुतेक वेळ उभी होती, एवढंच त्यावरून कळतं.

"वर्षांची अट गल्ला भरायला"

जुन्या डुकाटींना बेल्टची मुदत दोन वर्षांची होती. पुढच्या बऱ्याच मॉडेलना कंपनीनं ती पाच वर्षांवर नेली, कारण बेल्टचं साहित्य सुधारलं. निव्वळ गल्ल्यासाठीच अट असती तर मुदत वाढवायचं कारण नव्हतं. या मुदतीत राखीव सोय असते हेही खरं. पाच वर्षं पूर्ण झाली म्हणून दुसऱ्या दिवशी बेल्ट तुटत नाही. पण ती सोय कुणी किती वापरली, गाडी कुठं आणि कशी उभी होती, हे सेकंडहँड घेणाऱ्याला माहीत नसतं.

पैशांची तक्रार मात्र एका ठिकाणी रास्त आहे. व्हॉल्व्ह क्लिअरन्सची (व्हॉल्व्हजवळच्या बारीक फटीची) तपासणी आणि बेल्ट ही दोन वेगळी कामं, पण बिलात ती एकत्र येतात आणि आकडा बघून माणूस दोन्ही टाळतो. क्लिअरन्सचं काम मुख्यतः किलोमीटरवर ठरतं, बेल्टचं वर्षांवरही. मीटर त्या टप्प्यापासून लांब असेल तर फक्त बेल्टच्या कामाचं वेगळं कोटेशन मागा.

"तडे नसतील तर बिनधास्त"

कव्हर काढून बघणं चांगलंच. पण नजरेनं बेल्ट नापास करता येतो, पास करता येत नाही. आताच्या बेल्टचं रबर आतले दोरे कमजोर झाले तरी वरून गुळगुळीत दिसू शकतं.

नापास कशावर करायचा? पाठ चकचकीत झालीय आणि नख रुतत नाही. दाताच्या मुळाशी बारीक रेघ. कडेला दोऱ्यांचे तुसे. दातांवरचं कापड उडालंय. ऑइलचा ओलसर डाग. कुरतडल्याची खूण. यातलं एकही दिसलं तर गाडी चालू न करता बेल्ट बदला, वय कितीही असो. आणि तपासताना बेल्ट चिमटीत धरून घडीसारखा वाकवू नका. काचतंतू तीव्र वळणात आतल्या आत तुटतात, चांगला बेल्टही त्यानं खराब होतो.

मग ठरवायचं कसं

वय मोजायचं ते बेल्ट बसवल्यापासून. बिल नसेल तर गाडी बनल्यापासून. आरसी बुकवर बनावटीचा महिना आणि वर्ष असतं, ते बघा. नोंदणीची तारीख धरू नका, कारण गाडी शोरूमला वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेली असू शकते. विकणारा "मागच्याच सर्व्हिसला बदललाय" म्हणाला तर बिल मागा आणि त्यात बेल्टची वेगळी ओळ आहे का ते तपासा. नुसतं ‘मेजर सर्व्हिस’ लिहिलेलं चालणार नाही. ओळ नसेल तर बेल्ट मूळचाच आहे असं धरा.

त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेली वर्षं उलटली असतील तर मीटरकडे न बघता बदला. मुदत जवळ आली असेल तर सौदा करतानाच तो खर्च किमतीतून वजा करा. आणि गाडी पुण्यात घेत असाल तर बेल्टचं काम पुण्यातच करून मग निघा. सोलापुरात कंपनीचं वर्कशॉप नाही, आणि जुन्या बेल्टवर पहिलीच राइड अडीचशे किलोमीटरची, तीही हायवेच्या वेगानं, ही सगळ्यात वाईट सुरुवात.

काम सोलापुरात करायचं असेल तर

मारुती ८०० आणि जुन्या सँट्रोचे टायमिंग बेल्ट बदललेले मेकॅनिक इथं आहेत, त्यांना खुणा जुळवणं म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असतं. त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल हातात असेल तर काम होऊ शकतं. लागणारा माल: दोन्ही बेल्ट, टॉर्क रेंच (बोल्ट ठरल्या जोरानं आवळणारा पाना), कॅम धरून ठेवायचं टूल, पांढरा पेंट मार्कर. टेन्शनर आणि आयडलरचे (बेल्टला नुसती दिशा देणाऱ्या रोलरचे) बेअरिंग हातानं फिरवून बघायचे. खरखर किंवा हलकासा खेळ जाणवला तर तेही बदलायचे, कारण अडकलेलं बेअरिंग नव्या बेल्टलाही खातं. एकच बेल्ट बदलून पैसे वाचवू नका, दोघांचं वय सारखंच आहे.

इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं. ॲल्युमिनियम तापलं की प्रसरण पावतं आणि बेल्ट आपोआप ताणला जातो, त्यामुळं गरम इंजिनावर लावलेला ताण गार झाल्यावर सैल पडतो. बॅटरीची वायर काढा, प्लग काढा म्हणजे क्रँक हलका फिरेल. क्रँक चालायच्या दिशेनंच फिरवून पुलीच्या खुणा जुळवा आणि जुना बेल्ट काढण्याआधी पुली व इंजिनवर मार्करनं स्वतःच्या खुणा करा. टेन्शनर सैल केल्यावर कॅम झटक्यात फिरू शकतो, म्हणून तो आधी धरून ठेवायचा.

नवा बेल्ट हातानं सरकवूनच बसवा. पेचकसानं उचकटून घातलेला बेल्ट पहिल्याच दिवशी जखमी होतो. ताण अंदाजानं लावू नका. बेल्टला टिचकी मारून निघणाऱ्या आवाजाची वारंवारता मोबाईलच्या ॲपवर हर्ट्‌झमध्ये मोजता येते. आकडा मॅन्युअलमधला घ्यायचा, आणि नव्या बेल्टचा व वापरलेल्याचा वेगळा दिलाय का ते बघायचं. जास्त ताण दिला तर बेल्ट शिट्टीसारखा आवाज करतो आणि बेअरिंग लवकर जातात, कमी दिला तर दात सरकतो. टेन्शनरचे बोल्ट टॉर्क रेंचनंच आवळा.

यानंतरची पायरी घाईत हमखास गाळली जाते: प्लग न लावता क्रँक हातानं सावकाश किमान दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठं अडलं तर जोर लावू नका, खुणा चुकल्यात, पुन्हा उघडा. फेरे झाल्यावर खुणा आणि ताण दोन्ही परत तपासा, मगच सेल्फ.

बेल्ट ऑनलाइन मागवत असाल तर सीलबंद पाकीट आणि छापलेली तारीख बघून घ्या, दुकानातल्या फळीवरही रबराचं वय वाढतंच. खिळ्याला टांगलेला किंवा रबरबँड लावून घडी घातलेला बेल्ट परत करा. काम दुसऱ्याकडून करून घेतलं तर जुने बेल्ट मागून घ्या, नव्या पाकिटांचे फोटो काढा, आणि बिलावर तारीख, मीटरचा आकडा आणि दोन्ही बेल्ट अशी स्वतंत्र नोंद करून घ्या. पुढं गाडी विकाल तेव्हा घेणारा हेच बिल मागेल.