‘धाक बसेल’ म्हणे!

आज सकाळी न्यू जर्सीतल्या आपल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला : ‘आठवीच्या मॅथ्सला ब्लॅक सर आलेत. बरं झालं, पोरांना जरा धाक बसेल.’ खाली अकरा अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय.

धाक? त्या सरांनी परवा चढ (स्लोप) शिकवला, तो शाळेच्या जिन्यावर. दोघादोघांत एक मोजपट्टी. पायरीची उंची ७ इंच, आडवं अंतर ११ इंच. उभा फरक भागिले आडवा फरक. मग तीन पायऱ्या एकदम मोजा : २१ भागिले ३३. सहा मोजा : ४२ भागिले ६६. गुणोत्तर हलत नाही, हे पोरांनी स्वतः शोधलं. एका जोडीला आडवं १२ इंच मिळालं, कारण त्यांनी वरच्या पायरीचा पुढे आलेला काठही मापात धरला होता. सरांनी उत्तर सांगितलं नाही. ‘काठापासून काठापर्यंत मोजा,’ एवढंच म्हणाले.

तेवढ्यात शेजारच्या वर्गातला एक ब्लॅक मुलगा जिन्यापाशी येऊन उभा राहिला. ‘मॅमनी तुमच्याकडे बसायला सांगितलंय.’ आठवड्यातली ही चौथी खेप. सरांनी त्याच्याही हातात पट्टी दिली, पण लय तुटली ती तुटलीच.

यात बिघडतं काय, ते शाळेच्या आतल्या माणसाला विचारा. नियमाने मॅमनी रेफरल, म्हणजे मुलाच्या वागण्याची लेखी नोंद, लिहायचं, घरी फोन करायचा, समुपदेशकाला कळवायचं. मुलगा परस्पर सरांकडे गेला की कागदच होत नाही. कागद नाही म्हणून समुपदेशकाचा तास नाही, घरी पत्ता नाही, आणि त्या मॅमना हे पोर हाताळायला कधीच येत नाही. सरांचा ४५ मिनिटांचा मोकळा तास यातच जातो आणि वह्या रात्री घरी तपासल्या जातात. वर बसची ड्युटी आणि जेवणाच्या हॉलची ड्युटी, कारण ‘तुमचं ऐकतात’. मग दोन-तीन वर्षांनी ‘बढती’ मिळते, शिस्तीचा डीन. बीजगणित दुसऱ्या कुणाकडे. आणि मग हीच माणसं म्हणतात, ब्लॅक पुरुष शिक्षक टिकत नाहीत!

जॉन किंग अमेरिकेचे शिक्षणमंत्री असताना, २०१६ मध्ये, याला ‘अदृश्य कर’ म्हणाले होते. बरोबर शब्द आहे.

आणि हे शिक्षक कमी का आहेत, तेही ऐका. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात वेगळ्या गोऱ्या-ब्लॅक सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यानंतर ब्लॅक मुलं गोऱ्या शाळांत गेली, त्यांच्या शिक्षकांना मात्र तिथे घेतलं नाही. ब्लॅक शाळा बंद झाल्या. पुढच्या दशकभरात दक्षिणेकडच्या आणि त्यांना लागून असलेल्या मिळून १७ राज्यांत सुमारे ३८,००० ब्लॅक शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. आज सरकारी शाळांत शंभर शिक्षकांमागे ब्लॅक पुरुष जेमतेम एक.

जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आपण इथे ११ एप्रिलला त्यांच्या फोटोला हार घालतो. आणि ग्रुपवर ‘धाक’ लिहितो.

हो, मुलं त्यांचं ऐकतात, हे खरं आहे. पण ती ऐकतात कारण जिन्यावर त्यांना काहीतरी कळलेलं असतं.

मेसेज लिहिणारी ताई वाईट नाही, मला माहीत आहे. तिच्या मुलालाही वर्गात ऐकावं लागतं, ‘इंडियन ना तू, मग मॅथ्स येणारच.’ त्याने रात्री जागून केलेला अभ्यास कुणी मोजत नाही. ते तिला किती लागतं! हेही तसंच लागणारं आहे ताई.

शाळेला सांगायचं तर एवढंच सांगूया की ज्या वर्गात भांडण झालं, त्याच वर्गातून रेफरल निघू दे. सरांनी मुलं सांभाळावीत असं वाटत असेल, तर ते वेळापत्रकात लिहा, त्याचे पैसे द्या, बदल्यात एक तास कमी करा. आणि अख्ख्या शाळेत एकच ब्लॅक शिक्षक ठेवू नका, दोघं-तिघं एकदम घ्या. एकट्या माणसाला दुपारी बोलायलासुद्धा कुणी नसतं.

गुरुवारी पालकभेट आहे, प्रत्येकाला दहा मिनिटं. ‘आमचा नीट वागतो ना सर?’ याने सुरुवात करू नका. मुलाच्या वहीतलं जिन्याचं पान काढा आणि १२ इंच मोजणाऱ्या त्या जोडीला चूक कशी सापडली, ते विचारा.