ॲक्रनमधून, गणेशखिंडीच्या क्रमांकाविषयी

एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत, २०२५च्या विद्यापीठांच्या यादीत, गणेशखिंडीतलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २३व्या क्रमांकावरून ५६व्यावर घसरलं. तेव्हापासून आमच्या एमएस्सीच्या बॅचच्या ग्रुपवर जो वाद सुरू झालाय तो काही संपत नाही. एकाचं म्हणणं, प्राध्यापक संशोधनाचे पेपरच छापत नाहीत. एक मैत्रीण स्वतः कॉलेजात शिकवते. ती विचारते, लेक्चरं, उत्तरपत्रिका तपासणी आणि नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली यांतून प्रयोगशाळेत पाय ठेवायला वेळ कधी मिळतो, ते सांगा. मग कोणीतरी ठरलेलं वाक्य लिहितं, "अमेरिकेत बघा." आणि मी तोंड उघडलं की लगेच, "तुला काय गं, तिकडे बसून बोलायला!"

मी बोलणार आहे, कारण ज्या अमेरिकेकडे बघायला सांगतात तिच्यातच मी राहते. माझं विद्यापीठ ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावचं. अमेरिकेच्या सर्वसाधारण क्रमवारीत ते पहिल्या शंभरात नाही. तरी पॉलिमरचा, म्हणजे रबर-प्लास्टिकसारख्या लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थांचा, विषय निघाला की जगातल्या कुठल्याही परिषदेत ॲक्रनचं नाव येतंच. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आमच्या ग्रुपला पटवून देताना माझा जीव मेटाकुटीला येतो.

हे नाव यादीतून आलेलं नाही. गुडरिच, गुडइयर, फायरस्टोन, जनरल टायर, हे टायरवाले सगळे याच गावात वाढले. इथे १९०९मध्ये रबराच्या रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू झाला, कारण कारखान्यांना रबर का फाटतं, का कडक होतं, याची उत्तरं हवी होती. १९४२मध्ये जपानने आग्नेय आशियातले रबराचे मळे घेतले आणि अमेरिकेला कृत्रिम रबर तातडीने लागलं, तेव्हा त्या कामाचा मोठा भाग इथे झाला. १९५६मध्ये मॉरिस मॉर्टन यांच्या हाताखाली रबर संशोधन संस्था उभी राहिली आणि पॉलिमरमध्ये पीएचडी देणं सुरू झालं. गावाने प्रश्न विचारले, विद्यापीठाने उत्तरं शोधली, आणि त्या शोधण्यातून माणसं तयार झाली. कारखान्यांपैकी बरेचसे नंतर गेले, फायरस्टोन १९८८मध्ये जपानी ब्रिजस्टोनने घेतली, पण माणसं तयार करण्याची सवय राहिली.

आता जोसेफ केनेडींचं उदाहरण घेते, कारण "गेल्या तीन वर्षांत किती पेपर" असं विचारणाऱ्यांना मला तेच दाखवायचं आहे. बुडापेस्टमध्ये जन्मलेला हा माणूस १९७०मध्ये कंपनीची नोकरी सोडून ॲक्रनला आला आणि पॉलिआयसोब्युटिलीन या एकाच पदार्थाच्या मागे आयुष्यभर लागला. म्हणजे टायरच्या आतल्या ट्यूबमधलं, हवा न सोडणारं रबर. त्याच्या साखळीच्या दोन्ही टोकांना पॉलिस्टायरीन हे कडक प्लास्टिक जोडलं की ताणलं जाणारं, पण गंधकाने पक्कं करावं न लागणारं रबर मिळतं. शरीरात ते टिकतं, शरीर त्याला फारसा विरोध करत नाही. २००४मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या टॅक्सस स्टेंटवर, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीवर, हाच थर होता. हृदयाच्या धमनीत बसवल्यावर औषध हळूहळू सोडायचं काम त्याचं. १९७० ते २००४ म्हणजे ३४ वर्षं. मधल्या कुठल्याही वर्षी कोणी तक्ता भरायला सांगितला असता, तर त्यात काय दिसलं असतं?

डॅरेल रेनेकर यांचंही तसंच. विजेच्या ताणाने द्रावणातून अतिसूक्ष्म धागे ओढायची युक्ती १९३४च्या पेटंटमध्ये होती. नव्वदच्या दशकात यांनी ती पुन्हा उचलली आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तसे धागे काढले जातात. पवईच्या आयआयटीतून आलेले अली धिनोजवाला इथे पालीचे पाय भिंतीला कसे चिकटतात ते शोधतात. या विषयाला "उपयोग काय" असं पहिल्याच दिवशी विचारणारी माणसं मला दोन्ही देशांत भेटली आहेत.

आणि पुण्याचा धागा तर थेट आहे. केनेडींच्या हाताखाली सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काम करून गेलेले स्वामिनाथन शिवराम पुढे पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले, २००२ ते २०१०. त्यांच्या काही वर्षं आधी त्याच खुर्चीत डॉ. माशेलकर होते. तेही पॉलिमरवालेच, मुंबईच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेचे. तेव्हा महाराष्ट्राला पॉलिमर शिकवायला अमेरिकेने यावं असं अजिबात नाही. गणेशखिंडीहून पाषाण रिक्षाने जाण्याच्या अंतरावर. चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना, वाळूजला गुडइयरचा, तीच गुडइयर जिच्या नावाच्या जोड इमारतीत मी पीएचडी केली. ॲक्रनकडे जे होतं ते सगळं तिथे आहे. मग वाळूजच्या मिक्सिंग विभागातला इंजिनियर अडला की विद्यापीठाची पायरी का चढत नाही, यावर ग्रुपवर एकही मेसेज नाही. सगळे ५६ या आकड्याला चिकटून बसलेत.

पेपर मोजायलाच हवेत असं म्हणणाऱ्यांनी हेही आठवावं की पीएचडीआधी पेपर छापण्याची सक्ती खुद्द यूजीसीने २०२२मध्ये काढली. सक्तीच्या काळात पैसे भरून छापणारी नियतकालिकं कशी बोकाळली होती ते सगळ्यांनी पाहिलंय. शिकवायला आणि शोधायला कायमची माणसं नसतील तर मोजणार काय? मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, आणि तासिका तत्त्वावरच्या मुलांकडून संशोधनाची अपेक्षा. मैत्रिणीचं म्हणणं शब्दशः खरं आहे, आणि तिला आळशी म्हणणाऱ्याचा मला राग आला आहे.

इथलं सगळं आलबेल आहे असं मी म्हटलेलं नाही. जुलै २०२०मध्ये ॲक्रनने एका मतदानात १७८ पदं रद्द केली. २०११च्या सुमारास जवळपास ३० हजार विद्यार्थी होते, आता साधारण निम्मे उरलेत. पॉलिमरचं स्वतंत्र कॉलेज अभियांत्रिकीत विलीन झालं. त्या आठवड्यात ॲक्मे या किराणा दुकानात भेटलेल्या माझ्या जुन्या प्राध्यापकांचा चेहरा बघवत नव्हता. तरी २०२४मध्ये वॉशिंग्टनने टिकाऊ पॉलिमरसाठी ५.१ कोटी डॉलर दिले ते याच गावाला, कारण शंभर वर्षांत घडलेली माणसं अजून इथे आहेत. अशी माणसं हीच मी कुठल्याही विद्यापीठाची खरी मिळकत मानते.

पण हे लिहिताना मला माझाच हिशेब टाळता येत नाही. काचेच्या नळीत निर्वात करून, हवेचा कणही आत न जाऊ देता पॉलिमर करायला मला पुण्यातल्या एका सरांनी शिकवलं. उपकरण गळकं, दुरुस्तीला पैसे नाहीत, सर स्वतः सांधे वितळवून जोडायचे. त्या हातावर मी इथे उभी राहिले. माझ्या प्रत्येक पेपरवर नावाखाली मात्र ॲक्रन, ओहायो ४४३२५. सरांच्या विद्यापीठाच्या तक्त्यात मी कुठेच नाही. गेलेला विद्यार्थी म्हणूनही नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी "तुम्ही कुठल्या" विचारलं की मी पुणं सांगते. पुण्याने मात्र मला कुठल्याच खात्यात धरलेलं नाही, आणि ५६ हा आकडा वाचून मला जे लागलं ते बाहेरच्या माणसाला लागत नाही. "तिकडे बसून" हे दोन शब्द म्हणूनच मला झोंबतात.

ग्रुपवर मी काल एवढंच लिहिलं की पुढच्या यादीत विद्यापीठ वर आलं तर मला क्रमांक कळवू नका. रसायनशास्त्र विभागातल्या रिकाम्या जागांपैकी किती कायमच्या भरल्या, ते कळवा.