कुंपण किती उंच?

कुंपण किती उंच आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं ते श्रॉपशरमधल्या एका कॉटेजच्या मालकीणबाईंना. त्याआधी त्यांनी मला विचारलं होतं, तुमचा कुत्रा उकरतो का? मी नाही म्हणाले. हे खोटं होतं. मग मी कुंपणाचं विचारलं. त्या म्हणाल्या, छातीपर्यंत येतं. कोणाच्या छातीपर्यंत, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही ताणलं नाही, कारण उकरण्याचा विषय पुन्हा निघाला असता. माझ्या लग्नाच्या वेळी देवगड आणि सदाशिव पेठ या दोन्ही पक्षांनी मिळून केली नव्हती तेवढी चौकशी त्या वीस मिनिटांत झाली. स्वभाव कसा आहे? रात्री ओरडतो का? जिना चढतो का? यापूर्वी कुठे राहिलाय, आणि तिथून का निघाला?

मोत्या आमचा लॅब्रॅडॉर. ठार काळा, वजन बत्तीस किलो. नाव नवऱ्याने ठेवलं, कारण त्यांच्या वाड्यात लहानपणी एक मोत्या होता. तो पांढरा होता, पण नवऱ्याला हे महत्त्वाचं वाटत नाही. आम्ही कव्हेंट्रीत राहतो आणि मे अखेरीला मुलीच्या शाळेला आठवडाभर सुट्टी असते. दर वर्षी या सुट्टीत मोत्याला कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवून आम्ही कुठेतरी जायचो आणि तिथून रोज फोन करून तो जेवला का, विचारायचो. तो दोन्ही वेळ चापून जेवायचा. घशाखाली घास उतरायचा नाही तो आमच्या. या वर्षी मुलीने जाहीर केलं की मोत्या नाही तर ती नाही. अकरा वर्षांच्या मुलीला वसतिगृहात ठेवता येत नसल्यामुळे प्रश्न तिथेच मिटला.

श्रॉपशर नवऱ्याने निवडलं. कारण, बिस्किट.

पुण्याच्या माणसाला श्रॉपशर हा इंग्लंडच्या पश्चिमेचा, वेल्सला खेटून असलेला जिल्हा आहे हे ठाऊक नसलं तरी चालतं. कॅम्पातल्या कयानी बेकरीचं श्रूजबेरी बिस्किट ठाऊक असतं. ते नाव ज्या गावावरून आलं ते श्रूजबरी म्हणजे श्रॉपशरचं मुख्य गाव. त्याचा उच्चार श्रूजबरी की श्रोजबरी यावर खुद्द गावातच दोन तट आहेत. तिसरा उच्चार पुण्यात होतो आणि तोच खरा, असं नवऱ्याचं मत आहे. सासूबाईंनी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवलेला कयानीचा एक खोका घरात न फोडता ठेवलेला होता. तो श्रूजबरीच्या चौकात नेऊन त्याचा फोटो काढायचा, असं मायलेकांनी व्हिडिओ कॉलवर ठरवून टाकलं. बिस्किटाचं माहेरपण! लग्नाला चौदा वर्षं झाली, मला देवगडला पोचवायला या माणसाने इतक्या उत्साहाने कधी तिकिटं काढलेली नाहीत.

नकाशा आल्यावर उत्साह आणखी वाढला. श्रॉपशरचा सगळ्यात उंच डोंगर ब्राउन क्ली, ५४० मीटर. पुणं वसलंय तेच मुळी साधारण ५६० मीटरवर. "अगं, म्हणजे आपण चढायला जातच नाही आहोत, उतरायला चाललोय!" मी समुद्रकाठची आहे. माझ्यासाठी ते ५४० मीटर पहिल्या सेंटिमीटरपासून मोजले जातात, हे मी सांगून पाहिलं.

कॉटेज शोधणं हा एक स्वतंत्र संसार आहे. जाहिरातींत दोन जाती असतात. एक, 'कुत्र्यांचं स्वागत'. दुसरी, 'सुस्वभावी कुत्रा चालेल, एकच'. पहिल्या जातीची घरं मे महिन्यासाठी जानेवारीतच जातात. आमच्या वाट्याला दुसरी आली. कुत्र्याचं भाडं वेगळं, मुलीचं नाही. वर तीन अटी: कुत्र्याने वरच्या मजल्यावर जायचं नाही, सोफ्यावर चढायचं नाही, आणि त्याला घरात एकटं ठेवायचं नाही. झोपायच्या खोल्या सगळ्या वर. मग रात्री आम्ही वर आणि तो खाली, म्हणजे 'एकटा' झाला का? मुलीने कायद्याचा कीस पाडला आणि निकाल दिला की झाला. सबब बाबाने खाली सोफ्यावर झोपावं. म्हणजे सोफ्यावर झोपण्याची परवानगी नवऱ्याला होती आणि मोत्याला नव्हती. आमच्या घरी हे बरोबर उलटं आहे, आणि आता ते मोत्याला समजावून सांगायचं काम उरलं होतं.

चिपचं तेवढं आधीच झालेलं होतं. इंग्लंडमध्ये २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप सक्तीची आहे, आणि घराबाहेर गळ्यातल्या पट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता लागतो. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे आधार कार्डच की. आणि लिंक केलंय का?" केलं होतं.

खरं संकट नियम वाचताना आलं. लाँग मिंड नावाचं मोठं पठार आहे, चर्च स्ट्रेटन गावाच्या डोक्यावर. तिथे रोज फिरायचं, असा बेत होता. पण अशा खुल्या माळरानावर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड पट्ट्यावरच ठेवावा लागतो, जास्तीत जास्त दोन मीटर. त्या दिवसांत चंडोलासारखे पक्षी जमिनीवर घरटी करतात. आमचा पट्टा पाच मीटरचा. नवऱ्याने टेप आणून मोत्याला दिवाणखान्यात उभा केला आणि दोन मीटर हे कुत्र्याच्या मानेपासून मोजायचे की माणसाच्या मनगटापासून, यावर एक संध्याकाळ गेली. मी शेवटी नवा पट्टा मागवला.

मेंढ्यांचं त्याहून गंभीर. मेंढ्यांच्या मागे लागणाऱ्या कुत्र्यांविरुद्ध इथे १९५३ पासून कायदा आहे, आणि शेतकऱ्याने अशा कुत्र्याला गोळी घातली तरी काही परिस्थितींत कायदा शेतकऱ्याच्याच बाजूने उभा राहतो. हे मुलीने मोठ्याने वाचलं तेव्हा टेबलावर शांतता पसरली. मोत्या आजवर फक्त आमच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे लागलेला आहे, तोही बंद असताना. पण परमुलुखात माणूस कसा वागेल सांगता येत नाही.

आणि मग गायी. गायींचा कळप अंगावर आला तर कुत्र्याचा पट्टा सोडून द्या, असा इथला अधिकृत सल्ला आहे. नवऱ्याला हे अजिबात पटलं नाही. "म्हणजे त्याला गायींच्या तोंडी द्यायचं आणि आपण पळायचं?" मी समजावलं की गायींचा राग कुत्र्यावर असतो, तो आपल्यापेक्षा जोरात पळतो, आणि पट्टा हातात धरून ठेवला तर त्या दोघांच्या भांडणात आपण मधल्यामध्ये तुडवले जाऊ. संसारात मी वर्षानुवर्षं हेच तत्त्व पाळत आलेय, पण ते तेव्हा बोलले नाही. त्या रात्री देवगडला बाबांना फोन लावला. ते आधी भरपूर हसले. "काय गो, कुत्र्याक पण सुट्टी लागता?" मग गायींचं सांगितल्यावर म्हणाले, "अंगावर येता? मगे तिका नावान साद घाल." बाबांच्या गोठ्यात प्रत्येक गायीला नाव आहे. श्रॉपशरमधल्या गायींच्या कानात पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर नंबर. धावत येणाऱ्या गायीचा नंबर वाचून तिला साद कशी घालणार?

पायवाटा शेतांमधून जातात आणि प्रत्येक कुंपणाशी 'स्टाइल' असते. नाव मोठं झोकदार, पण वस्तू म्हणजे कुंपणावरून पलीकडे टाकलेल्या दोन फळ्या. आमच्याकडे कोकणात गडग्याला बेडं असतं, बांबूचे दांडे सरकवले की माणूस, गुरं, कुत्रं सगळी जातात. इथल्या फळ्यांवरून फक्त माणूस जातो. काही ठिकाणी कुत्र्याला खालून वेगळी खिडकी ठेवतात, पण सगळीकडे नाही. म्हणून आधी सराव करावा असं नवऱ्याला वाटलं. त्याने मागच्या अंगणात दोन खुर्च्या मांडल्या, मोत्याला उचललं, पाय वर टाकला, आणि तसाच थांबला. उसण भरली होती. मोत्या त्याच्या कुशीत निवांत बसून शेजाऱ्यांच्या मांजरीकडे बघत राहिला. पुढचा आठवडा नवऱ्याने गरम पाण्याची पिशवी पाठीला लावून नकाशावर स्टाइल नसलेल्या वाटा शोधण्यात घालवला.

खाण्याचं मात्र सोपं. कुत्र्यांना कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट विषारी असतात. कांदा-लसूण वर्ज्य हे ऐकल्यापासून सासूबाईंच्या नजरेत मोत्याची पत एकदम वाढली. बारमाही चातुर्मास पाळणारा घरातला तो एकटाच. श्रूजबरीच्या स्थानिक बिस्किटात बेदाणे घालायचीही रीत आहे, तेव्हा तीही बाद. कयानीचं साधं, नुसतं लोणीच लोणी. ही नोंद पुढे उपयोगी पडली.

बघायची ठिकाणं नवऱ्याने तक्त्यात भरली: ठिकाण, तिकीट, कुत्रा हो की नाही. आयर्नब्रिजचा १७७९ मध्ये उभारलेला लोखंडी पूल, जगातला तसला पहिला मोठा पूल, तिथे कुत्रा हो. पूल आहे, चालत जायचं. बाकी बऱ्याच ठिकाणी दोघांनी आत, एकाने कुत्र्यासह बाहेर, मग पाळी बदलायची. श्रूजबरीच्या चौकातला पुतळा, तिकीट नाही, कुत्रा हो. कोणाचा पुतळा? रॉबर्ट क्लाइव्हचा. हा मूळचा श्रॉपशरचाच.

मी म्हटलं, "मी नाही त्या माणसासमोर जायची." १७५६ मध्ये विजयदुर्ग घेतला त्यात जमिनीवरची फौज त्याच्याकडे होती. तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथेच जळून खाक झालं. विजयदुर्ग देवगड तालुक्यात आहे. आमच्याकडे हा इतिहास नाही, गावातली गोष्ट आहे. नवरा तक्त्यातून डोकं न काढता म्हणाला, "ते बरोबर आहे, पण..." आणि गप्प बसला. तो 'पण' मला पाठ आहे. आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांना हाताशी धरलं होतं ते नानासाहेब पेशव्यांनी. आमच्याकडे हे भांडण वर्षातून दोनदा होतं, बहुधा हापूसच्या पेटीवरून सुरू होऊन. मग मीच अट घातली. पुतळ्यापाशी येईन, पण पट्टा माझ्या हातात. चौथऱ्यापाशी मोत्याला काय करावंसं वाटेल ते त्याला करू द्यायचं, कोणी ओढायचं नाही.

निघालो त्या दिवशी डिकीत मोत्याचं अंथरूण, पाच टॉवेल, त्याचं खाणं, भांडी, गोचीड काढायचा आकडा, पिशव्यांची तीन भेंडोळी आणि एक रेनकोट होता. आमच्या तिघांचे कपडे एका बॅगेत, पायाशी. टेलफर्डच्या अलीकडे मागून कुरकुर आवाज यायला लागला. मला वाटलं, मुलगी वेफर्स खातेय. मुलगी कानात गाणी घालून झोपली होती.

गाडी थांबवून डॉक्टरांना फोन लावला. मनुका होत्या का? नाही. चॉकलेट? नाही. लोणी? हो. किती? नवऱ्याने आवंढा गिळला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी द्या आणि लक्ष ठेवा. रिकामा खोका आम्ही नीट बंद करून, दोरा बांधून श्रूजबरीच्या चौकात ठेवला आणि फोटो काढला. फोटोत रिकामा खोका आणि भरलेला खोका सारखाच दिसतो. सासूबाईंनी तो आरतीच्या तबकासारखा सगळ्या नातेवाइकांत फिरवला.

क्लाइव्ह चौकाच्या मधोमध उभा आहे, १८६० पासून, ब्राँझचा. मी पट्टा दोन मीटर पूर्ण सोडला. मोत्याने चौथऱ्याचे चारही कोपरे शिस्तीत हुंगले. एका कोपऱ्याशी थांबला. मी श्वास रोखला. दोन इंग्रज आजीबाईही थांबल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे न बघता मोत्याला नाव विचारलं. मोत्याने स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि क्लाइव्हच्या पायाशी सावलीत अंग टाकलं. वर मान करून शेपटी दोनदा आपटली, आणि झोपला.

"वळण आमच्याकडचं आहे," नवरा म्हणाला.