नोंदीत काय राहतं?

२०२५ च्या जुलैअखेरीस लोकसभेत 'ऑपरेशन सिंदूर'वर चर्चा झाली. सोलापूरच्या खासदार प्रणिती शिंदे त्या चर्चेत म्हणाल्या की सरकारने या मोहिमेचा प्रसारमाध्यमांतून तमाशा केला. त्याच भाषणात त्यांनी आणखीही काही विचारलं: साध्य काय झालं, किती अतिरेकी पकडले, आपली किती विमानं गेली, चूक कुणाची? सत्ताधारी बाकांवरून गदारोळ झाला, आक्षेपार्ह भाग कामकाजातून काढून टाकला गेला, आणि पुढे कितीतरी दिवस सोलापुरात त्या एका शब्दावरूनच भांडणं चालली. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटातही तेच. निम्म्यांच्या मते हा सैन्याचा अपमान, निम्म्यांच्या मते ताई वाघीण. तो शब्द बाजूला ठेवा, प्रश्नांचं काय झालं ते बोला, असं मी इंग्लंडमधल्या लेस्टरहून लिहिलं. त्यावर उत्तर आलं, "तिकडं बसून बोलायला तुला काय जातंय बे?"

या आक्षेपाला मला नीट उत्तर द्यायचं आहे, कारण तो पूर्ण खोटा नाही. माझा पासपोर्ट भारताचाच आहे. तरी राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून, इथे कायदेशीर राहत असल्यामुळे ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत मला मत आहे. सोलापूरचं उलटं आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अनिवासी भारतीयांचं नाव मतदारयादीत येऊ शकतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जावं लागतं. त्यामुळे ४ जून २०२४ ला सोलापूरचा निकाल मी फोनवर पाहिला आणि बरोबर महिन्याने, ४ जुलैला, लेस्टरमध्ये मत दिलं. ज्या खासदारामुळे माझ्या आईच्या पिशवीतल्या कांद्याचा भाव बदलू शकतो, तिला निवडण्यात माझा वाटा नाही. तरी माझी माणसं तिथे आहेत, आणि दोन संसदांचा कारभार मला शेजारी शेजारी दिसतो. एवढ्या अधिकारावर मी बोलतो आहे.

पहिली गोष्ट, लष्करी कारवाईबद्दल संसदेत सरकारला विचारणं हा सैन्याचा अपमान नाही. विमानांबद्दलचा प्रश्नही हवेतला नव्हता. ३१ मे २०२५ ला सिंगापुरात संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनीच एका परदेशी वृत्तवाहिनीला विमानं गमावल्याचं सांगितलं होतं, फक्त आकडा दिला नव्हता. जी कबुली परदेशी कॅमेऱ्यासमोर देता येते, तिच्याबद्दल विचारण्याचा हक्क लोकसभेला नाही का? शिवाय ही आपलीच परंपरा आहे. १९६२ मध्ये चीनचं सैन्य आत घुसलेलं असताना तरुण वाजपेयींनी संसदेचं अधिवेशन बोलावण्याची मागणी केली. नेहरूंनी ते ८ नोव्हेंबरला बोलावलं, आणि लढाई चालू असतानाच सभागृहात त्यांच्या धोरणाची चिरफाड झाली. कारगिलनंतर वाजपेयींच्या सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवला. गुप्त भाग वगळून, पण ठेवला. प्रणितीताईंचा शब्द मला आवडला नाही, कारण त्याने त्यांचेच प्रश्न झाकले गेले. प्रश्न मात्र योग्य होते आणि ते विचारणं त्यांचं कामच होतं.

कॉमन्सची, म्हणजे ब्रिटनच्या लोकसभेसारख्या सभागृहाची, जुनी नोंद आता कुणालाही घरबसल्या वाचता येते. तिच्यात १९३० च्या सोलापूरच्या लष्करी कायद्याबद्दलचे प्रश्नही सापडतात. चार हुतात्मा चौकातून शाळेला जाणाऱ्या माझ्यासारख्याला ती पानं शांतपणे वाचता येत नाहीत. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिलं ते याच संसदेच्या साम्राज्याने. तरी साम्राज्य त्यांचं, लष्कर त्यांचं, आणि त्याबद्दल जाब विचारणारेही त्यांच्यातलेच काही जण, ही गोष्ट त्या पानांवर अजून आहे. कुणी काय विचारलं आणि मंत्र्याने काय सांगितलं, दोन्ही.

आता लेस्टरबद्दल. माझ्या दक्षिण लेस्टर मतदारसंघात लेबर पक्षाचे जोनाथन ॲशवर्थ २०११ पासून खासदार होते. २०१९ मध्ये ते बावीस हजारांहून जास्त मतांनी जिंकले होते. २०२४ मध्ये देशभर त्यांच्या पक्षाची लाट असताना ते ९७९ मतांनी पडले, आणि तेही शॉकत ॲडम या अपक्षाकडून. मोठं कारण गाझा. नोव्हेंबर २०२३ मध्ये युद्धबंदीच्या मागणीवर कॉमन्समध्ये मतदान झालं. ५६ लेबर खासदारांनी पक्षादेश मोडून बाजूने मत दिलं, ॲशवर्थ त्यांत नव्हते. कोण कुठे होतं, हे नावानिशी छापलं जातं, आणि मशिदीपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळ्यांना ते माहीत होतं. त्या प्रचारात दमदाटी झाल्याची तक्रार ॲशवर्थ यांनी नंतर जाहीरपणे केली, आणि दमदाटीचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण एका मताचा हिशेब मतदार मागू शकले, कारण ते मत दिसत होतं आणि त्याची जबाबदारी त्या माणसावर होती.

सोलापूरच्या खासदारांचं मत असं दिसतं का? २०१४ ते २०२४ मध्ये भाजपचे दोन खासदार झाले, आधी शरद बनसोडे, मग जयसिद्धेश्वर महास्वामी. कुठल्या विधेयकावर त्यांचं स्वतःचं मत काय होतं, हे पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमागधारकाला विचारून बघा. त्याला सांगता येणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'हो'चा आवाज मोठा की 'नाही'चा, ते पीठासीन अधिकारी ठरवतात आणि नावं कुठेच उरत नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये कृषी विधेयकं राज्यसभेत अशीच मंजूर झाली. विरोधक मतविभाजन, म्हणजे मतांची नावानिशी मोजणी, मागत होते, ते मिळालं नाही. हे फक्त मोदी सरकारचं पाप आहे असंही मी म्हणणार नाही. १८ फेब्रुवारी २०१४ ला तेलंगणाचं विधेयक लोकसभेत आवाजी मतदानानेच मंजूर झालं, आणि त्या वेळी सभागृहाचं थेट प्रक्षेपणही बंद पडलं होतं. विधेयक मांडणारे गृहमंत्री होते सुशीलकुमार शिंदे, म्हणजे आमचेच खासदार, प्रणितीताईंचे वडील. त्या दिवशी सोलापुरात कुणी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही.

मतविभाजन झालं तरी पुढे पक्षांतरबंदी कायदा आहे. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने तो आला. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते, मग विषय अविश्वास ठरावाचा असो की आणखी कसला. महाराष्ट्राला या कायद्याचं खरं रूप वेगळं सांगायला नको. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. घाऊक पक्षांतर या कायद्याने थांबलं नाही. तोंड बंद झालं ते एकट्या, प्रामाणिक खासदाराचं. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं की पक्षादेश मोडल्याची ही शिक्षा विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरतीच ठेवावी. माझं ठाम मत तेच आहे. इराक युद्धाच्या वेळी, मार्च २००३ मध्ये, १३९ लेबर खासदारांनी स्वतःच्याच पंतप्रधानांविरुद्ध मत दिलं आणि त्यासाठी एकाचीही जागा गेली नाही. युद्ध त्याने टळलं नाही. सरकारचा ठराव ४१२ विरुद्ध १४९ ने मंजूर झाला आणि त्या युद्धाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट समितीचा अहवाल यायला २०१६ उजाडलं. ब्रिटनची संसद फार थोर आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण त्या १३९ जणांची नावं आजही वाचता येतात, आणि उरलेल्यांचीही.

सोलापूरकरांशी खरा वाद मला कांद्यावरून घालायचा आहे. खासदारांनी काय केलं, असं आमच्याकडे विचारतात तेव्हा बहुतेकांच्या मनात पाणी, गटार, विमानतळ आणि खासदार निधी असतो. तो निधी वर्षाला पाच कोटी, आणि मतदार वीस लाखांच्या घरात. सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत आलं आणि नळाला अजून रोज पाणी नाही, हा संताप खरा आहे. पण त्याचा पहिला जाब महापालिकेला आणि राज्याला विचारायला हवा. कांदा मात्र थेट दिल्लीचा विषय आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाऊन त्याला मिळाले २ रुपये, तेही पुढच्या तारखेच्या धनादेशाने. त्याच वर्षी भाव चढू लागले तेव्हा ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदी. भाव पडतात तेव्हा शेतकरी एकटा, आणि चढतात तेव्हा सरकार आडवं. बंदी उठली ४ मे २०२४ ला, अटी आणि शुल्क ठेवून. सोलापूरचं मतदान होतं ७ मे ला. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडलं.

या तारखा कशा ठरल्या? कुठल्या आकडेवारीवर? हे लेखी विचारता येतं. अधिवेशनात प्रश्नोत्तराच्या दर दिवशी २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात. मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, ते छापलं जातं, आणि गोंधळात सभागृह तहकूब झालं तरी लेखी उत्तर पटलावर येतं. कुठल्या खासदाराने काय विचारलं, तेही लोकसभेच्या संकेतस्थळावर नावानिशी मिळतं. प्रणितीताई ७४ हजारांहून जास्त मतांनी निवडून आल्या, आणि त्या मतांत कांद्याचा रागही होता. त्यांच्या कामाचं मोजमाप मी अशा प्रश्नांनी करेन, रील होऊन फिरणाऱ्या भाषणाने नाही. त्यांचे विरोधकही त्याच मापाने मोजू देत.

टॉवेलचंही असंच. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनमध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. भारतीय कापडावर तेव्हा इथे बारा टक्क्यांपर्यंत शुल्क लागत होतं, ते कराराने जायचं होतं. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. सोलापूरच्या टेरी टॉवेलला ब्रिटनचं गिऱ्हाईक किती हवं आहे, ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणीही सांगेल. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार असा करार संसदेपुढे कामकाजाचे २१ दिवस ठेवावा लागतो आणि कॉमन्सने हरकत घेतली तर तो अडतो. आपल्याकडे करार सरकार करतं, त्याला संसदेच्या मंजुरीची अट नाही. म्हणजे सोलापूरच्या टॉवेलच्या करारावर लेस्टरच्या खासदाराला हरकत घेण्याची कायदेशीर संधी मिळते, सोलापूरच्या खासदाराला नाही. गटावर सगळ्यांत जास्त चिडून मी लिहिलं ते याच गोष्टीवर, आणि त्या दिवशी कुणी मला 'तिकडं बसून' म्हटलं नाही.

उलट एका मित्राने विचारलं, मग करायचं काय? तो यंत्रमागवाला आहे, वडिलांपासून तोच धंदा. आम्ही दोघांनी मिळून एक प्रश्न लिहिला आहे. तो आणि त्याच्या ओळीतले कारखानदार सह्या करून पुढच्या अधिवेशनाआधी खासदारांच्या कार्यालयात नेऊन देणार आहेत. प्रश्न असा: ब्रिटनबरोबरच्या करारात टेरी टॉवेल आणि चादरींना शुल्कमाफी मिळवण्यासाठी मालाच्या उगमाबद्दलच्या कुठल्या अटी पाळाव्या लागतील, लहान यंत्रमागधारकाला त्याचं प्रमाणपत्र कुठे आणि किती खर्चात मिळेल, आणि सोलापुरात त्यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालयाने कुठली सोय केली आहे?