उघडणारी खिडकी मागणं म्हणजे चैन आहे का?

आज दुपारी ऑफिसची वीज गेली आणि जनरेटरनेही दगा दिला. बाहेर खाडीवरून मस्त वारा सुटलेला, समोरची झाडं हलताना दिसतायत, आणि आत आम्ही सगळे घामाघूम होऊन फायलींनी वारा घेतोय. कारण? अख्ख्या मजल्यावर उघडेल अशी एक खिडकी नाही. चारी बाजूंनी नुसती काच!

आणि हे कुठे, तर नवी मुंबईत. १९६४ मध्ये या शहराची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक होते चार्ल्स कोरिया. पुढे सिडकोचे मुख्य आर्किटेक्टही तेच. आपल्या हवेत इमारतीचा आकार हवामानानेच ठरवायला हवा, हे त्यांनी जन्मभर सांगितलं. साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय बघा. १९६३ चं बांधकाम. खिडक्यांना काच नाहीच, लाकडी झडपा. गरम अहमदाबादेत!

माझी आत्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहायची. तेही कोरियांचंच. सात-सात घरांचे गट आणि प्रत्येक गटाच्या मध्ये साधारण ८ मीटरचं चौकोनी अंगण. मे महिन्यात आम्ही भावंडं तिथेच पडीक. आत्या दुपारी अंगणात सावलीला चटई टाकायची. ऊन सरकलं की चटई सरकायची. पंख्याची आठवणही यायची नाही.

कोरियांचीच मुंबईतली कांचनजंगा ही श्रीमंतांची उंच इमारत, मान्य. पण पश्चिमेचा वारा घ्यायचा तर ऊन आणि पावसाची झडही येणार, हा पेच तिथेही होता. त्यांनी जुन्या बंगल्यांचे व्हरांडे आठवले आणि कोपऱ्याकोपऱ्यात दोन मजले उंच गच्च्या काढल्या. आमच्या बिल्डरला पेच पडलाच नाही. त्याने एसी लावला, संपलं.

आत्याच्या घराची भिंत शेजाऱ्याला चिकटलेली नव्हती. त्यामुळे पैसे जमले तेव्हा तिने वर खोली चढवली, शेजाऱ्याच्या विटेलाही हात न लावता. आज तिथली बरीच मूळ घरं पाडून लोकांनी टोलेजंग बंगले बांधलेत, हे खरंय. पण माणसाचं घर वाढत जाणार हे धरूनच तो आराखडा केला होता. राहणाऱ्याचा एवढा विचार आता कोण करतं?

लिहिता लिहिता राग जरा निवलाय. रविवारी सकाळी पोरांना घेऊन आर्टिस्ट व्हिलेजला जातेय, अंगणं दाखवायला. कुणाला यायचं असेल तर खाली सांगा.