आपल्याच घराची कडी

आमच्या पुण्यातल्या घरात चपलांच्या स्टँडवर राउटर असून, त्याच्या शेजारी पत्त्यांच्या जोडाएवढा रास्पबेरी पाय नावाचा एक चिमुकला संगणक गिट सर्व्हर म्हणून, म्हणजे माझ्या प्रोग्रॅमच्या फायली आणि त्यांतल्या बदलांचा इतिहास सांभाळायला, कामाला ठेवलेला आहे. मी घरात असेपर्यंत तो माझे इमानेइतबारे ऐकतो. मी बाहेर असतानाही त्याने ऐकावे, एवढीच माझी इच्छा होती.

राउटरमध्ये 22 क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे दुरून संगणकात शिरण्याचे दार, सर्व्हरकडे वळवले की झाले, असे सगळे सांगतात. मी वळवले आणि काहीच झाले नाही. दोन संध्याकाळी खर्ची पडल्यावर लक्षात आले, की राउटरचा बाहेरचा, आकड्यांतला नेटवर्क-पत्ता 100.72 असा सुरू होत होता, आणि 100.64 पासून 100.127 पर्यंतचा पट्टा तर, अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे दाटीवाटीने बसवता यावे म्हणून, 2012 सालीच इंटरनेट कंपन्यांसाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे मी दारावर नावाची पाटी ठोकत होतो आणि सोसायटीच्या फाटकावर आमचे नावच नव्हते. शेवटी जादा पैसे मोजून स्थिर पत्ता घेतला आणि त्याच दिवशी ऑफिसातून घरच्या सर्व्हरवर शिरलो.

मात्र मी एकटाच शिरू पाहत नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉग, म्हणजे सर्व्हरची आल्यागेल्याची नोंदवही, उघडला, तर रात्रभर दाराशी रीघ लागलेली होती. लॉगिनसाठी अंदाजाने टाकलेली नावे ती: रूट येऊन गेले होते, अ‍ॅडमिन येऊन गेले होते, ओरॅकल तर नऊ वेळा आले होते आणि टेस्ट नावाचे एक सद्गृहस्थ पहाटे तीनपासून दर चार सेकंदांनी नवा पासवर्ड घेऊन कडी वाजवत होते. इतकी चिकाटी मी नोकरीतही दाखवलेली नाही.

मी ताबडतोब फेल-टू-बॅन हे पहारेकरी सॉफ्टवेअर बसवले. दहा मिनिटांत पाच वेळा चुकणाऱ्या पत्त्याला दहा मिनिटे बाहेर उभे करण्याची त्याची मूळची शिक्षा मला फारच गुळमुळीत वाटल्यामुळे मी ती जन्मठेपेवर नेली. पुढच्याच शनिवारी सांगलीला सासुरवाडीत बसून पासवर्ड टाकू लागलो. तो टाकताना पडद्यावर साधी फुलीसुद्धा उमटत नाही, त्यामुळे कळफलक मराठीवर राहिला आहे हे मला पाचव्या चुकीनंतर कळले. पहिली जन्मठेप अर्थातच मला झाली.

"आई, चपलांच्या स्टँडवरचं ते छोटं यंत्र बंद करून परत चालू कर बरं," असे मी फोनवर सांगितले. तिने ते केले, शिवाय पुसूनही ठेवले. पण फेल-टू-बॅन आपल्या कैद्यांची यादी नोंदवून ठेवते आणि पुन्हा जागे झाले तरी कोणाला विसरत नाही. सासऱ्यांच्या वायफायऐवजी मोबाइलचा डेटा वापरला असता, तर पत्ता बदलून मी सहज आत गेलो असतो, हे मला परतीच्या एसटीत कराडजवळ सुचले.

घरी आल्यावर पासवर्डची पद्धतच बंद करून त्याऐवजी वापरायच्या डिजिटल किल्ल्यांची जोडी तयार केली, 22 क्रमांकाचे दार लिंपून टाकले आणि वायरगार्ड हे घरापर्यंत कुलूपबंद बोगदा खणणारे सॉफ्टवेअर बसवले. त्याचा स्वभाव मला फार आवडला. ओळखीची किल्ली नसलेल्याला ते नकारसुद्धा देत नाही. वर्गणीवाल्यांची चाहूल लागताच दिवे मालवून बसणाऱ्या बिऱ्हाडासारखे चिडीचूप राहते. लॉग ओस पडला. टेस्टरावांची थोडी आठवण झाली, इतकेच.

दिवाळीला पुन्हा सांगलीला गेलो. कळफलक दोनदा तपासला, बोगदा जोडला, आणि सासरे मागे उभे राहून "जावईबापू, बँकेचं काम चाललंय का?" असे विचारत असताना मोठ्या ऐटीत गिट पुल, म्हणजे 'सर्व्हरवर नवे असेल ते आण', अशी आज्ञा दिली. पुण्याहून उत्तर आले: 'ऑलरेडी अप टू डेट'. गिटच्या प्रत्येक प्रतीत सगळा इतिहास असतो, आणि त्या सर्व्हरवरचे सारे काही त्या जन्मठेपेच्या शनिवारीही माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये होतेच.