आठ आठवडे, बारा पोरं आणि शेवटची एसटी

सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ ला विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, हा त्यातलाच एक. तेव्हापासून विदर्भातल्या दारव्हा, मेहकर, दर्यापूर, ब्रह्मपुरी अशा गावांतल्या महाविद्यालयांपुढे प्रश्न उभा आहे. माणूस आणायचा कुठून, आणि आणला तर त्यानं नेमकं करायचं काय? त्यावर ‘माइंडफुलनेस’, म्हणजे श्वासाकडे, अंगाकडे, आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याचा सराव गटात बसून करणं, हे उत्तर सध्या जोरात पुढे येतंय.

इकडच्या चर्चेत यावर दोन सूर ऐकू येतात. पहिला म्हणतो, हे तर आपल्याकडचंच आहे. तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव गेलेलं सामुदायिक ध्यान आहे, विपश्यनेची शिबिरं आहेत, मग इंग्रजी नावाचा हा कार्यक्रम कशाला? दुसरा सूर कडवट आहे. ज्याच्या बापाचं सोयाबीन शेतात उभ्या उभ्या सडलं, त्या पोराला श्वासाकडे लक्ष दे म्हणणं ही त्याची थट्टा आहे. इंग्लंडातल्या विद्यापीठांत हे गट कसे चालतात ते जवळून पाहिल्यावर मला दोन्हींत तथ्य दिसतं. पण दोन्हींची नजर ध्यानावरच खिळलेली आहे. गट तरतो किंवा बुडतो तो त्याच्या बांधणीवर: कुणाला घेतलं, किती जणांना घेतलं, चालवणारा कोण, आणि एखाद्याची तब्येत बिघडली तर पुढची सोय काय.

पहिल्या सुराला उत्तर म्हणून थोडा इतिहास. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ आजारांच्या रुग्णांसाठी याचा अभ्यासक्रम सुरू केला, तो पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झाला. त्यातली साधना बौद्ध परंपरेतली आहे, हे त्यांनी कधी नाकारलं नाही. पुढे सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघा मानसशास्त्रज्ञांनी त्याला नैराश्यावरच्या विचार-उपचाराची (कॉग्निटिव्ह थेरपीची) जोड दिली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या मोठ्या चाचणीत, आधी तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी नेहमीच्या उपचारावर ६६ टक्के लोकांना ते पुन्हा आलं, तर या गटांत बसलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना. मात्र ही माणसं तेव्हा बरी झालेली होती. नैराश्याच्या ऐन भरात असलेल्या माणसाला दहा दिवस मौनात बसवणं ही निराळी गोष्ट आहे आणि ती धोक्याची ठरू शकते. त्यामुळे ‘विपश्यनेला पाठवा, सुधारेल’ हा सल्ला नैराश्य सुरू असलेल्या विद्यार्थ्याला सरसकट देऊ नये.

विद्यार्थ्यांपुरतं बोलायचं तर केंब्रिज विद्यापीठातली ६१६ विद्यार्थ्यांची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. आठ बैठका, प्रत्येकी ७५ ते ९० मिनिटं, घरचा सराव सुरुवातीला रोज आठ मिनिटं आणि हळूहळू पंधरा ते पंचवीस. परीक्षेच्या काळात गटात गेलेल्यांना मानसिक त्रास स्पष्टपणे कमी होता. पण तीव्र नैराश्य असलेल्यांना तिथे घेतलंच नव्हतं. आपल्याकडे सगळ्यात आधी हीच ओळ गाळली जाईल, अशी मला भीती वाटते. मग २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ८५ शाळांचा निष्कर्ष आला. आठ हजारांवर मुलांचा अभ्यास, आणि वर्गात सगळ्यांना सरसकट माइंडफुलनेस शिकवून नेहमीच्या जीवनकौशल्याच्या तासांपेक्षा जास्त काही हाती लागलं नाही. म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दोनशे जणांना एकदम डोळे मिटायला लावून अहवालात फोटो चिकटवणं, हे मानसिक आरोग्याचं काम धरू नये. गट ऐच्छिक आणि लहानच हवा. सौम्य नैराश्यासाठी असे गट सुचवताना इंग्लंडच्या २०२२ च्या उपचार-मार्गदर्शिकेनं साधारण आठ बैठका आणि आठ ते पंधरा माणसं असा आकडा दिला आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात मी बारा धरेन, कारण दोघंतिघं गळणारच.

खरं काम पहिल्या बैठकीच्या आधी सुरू होतं. प्रत्येकाशी एकेकट्यानं अर्धा तास बोलायचं. नैराश्य किती आहे ते मोजणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी मराठीत आहे. गेल्या दोन आठवड्यांत काय किती वेळा जाणवलं, याला ० ते ३ गुण, एकूण २७. पाच ते चौदा गुणांचा विद्यार्थी गटात बसू शकतो. पंधरा आणि वर असेल तर आधी डॉक्टर, गट नंतर किंवा सोबतीनं. मात्र नुसता कागद हातात देऊ नका. ‘उदास वाटतं का’ या प्रश्नाला गावाकडचा मुलगा ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. ‘मन लागत नाही का’, ‘डोकं जड राहतं का’, ‘जेवण जातं का’ असं विचारलं की बोलायला लागतो. भ्रम किंवा भास होऊन गेलेले, उन्मादाचा झटका आलेले, दारूत खोल गेलेले, घरात नुकताच मृत्यू झालेले, यांना आधी एकट्यानं मदत हवी.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बाकीची बेरीज बाजूला ठेवायची आणि त्याच वेळी, त्याच खोलीत, सरळ शब्दांत पुढचं विचारायचं. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती निराधार आहे. विदर्भात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: घरी फवारणीचं औषध कुठे ठेवता? घरच्या एखाद्या विश्वासू माणसाशी बोलून ते कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, किंवा घराबाहेर हलवायला लावणं, याच्याइतका थेट उपाय दुसरा नाही. त्या मुलाला एकटं घरी पाठवायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो भिंतीवर लावण्यापेक्षा समोर बसून एकदा लावून दाखवावा.

आठ आठवड्यांत होतं काय? पहिल्या बैठकीत परदेशात मनुका देतात. आपण संत्र्याची एक फोड द्यावी. पाच मिनिटं ती पाहायची, हुंगायची, जिभेवर ठेवायची, मग चावायची. आपण किती गोष्टी बेभान उरकतो ते त्यातून कळतं. दुसऱ्या आठवड्यात पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवणं. तिसऱ्यात तीन मिनिटांचा विराम: आत्ता मनात-अंगात काय चाललंय, मग फक्त श्वास, मग पुन्हा सगळं अंग. एसटीत उभ्यानंही जमतं, म्हणून विद्यार्थ्यांकडे शेवटी हाच सराव टिकतो. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात गाभ्याचं काम येतं. ‘मी नापास होणार’ हा मनात आलेला विचार आहे, लागलेला निकाल नव्हे, हे ओळखायला शिकणं. सातव्यात रोजच्या कामांची यादी करून कशानं उभारी येते आणि कशानं माणूस खचतो याच्या खुणा करायच्या. आठव्यात, पुन्हा घसरण सुरू झाली तर माझी पहिली लक्षणं कोणती आणि मी कुणाला फोन करणार, हे नावानिशी लिहून घ्यायचं.

सरावानंतरची विचारपूस ही यातली सगळ्यात अवघड जागा. ती साधारण अशी चालते:

‘पायात काय जाणवलं?’
‘मुंग्या आल्या.’
‘मग?’
‘मंग वाटलं, आपल्याले हेबी जमत नाही.’
‘तसं वाटलं तेव्हा अंगात कुठे काही झालं?’
‘छातीत. जड झालं.’

इथे चालवणाऱ्यानं थांबायचं असतं. ‘अरे, जमेल तुला, सकारात्मक विचार कर’ म्हटलं की सगळं मुसळ केरात. मुंग्यांपासून ‘मला काहीच जमत नाही’ पर्यंत मन दोन पावलांत कसं पोचलं, हे त्या मुलाचं त्यालाच दिसायला हवं. नैराश्यात तेच ते दळण डोक्यात सुरू राहतं, आणि हा सराव त्या दळणावर काम करतो. हे कसब दोन दिवसांच्या कार्यशाळेत येत नाही. ब्रिटनमध्ये चालवणाऱ्याकडून किमान वर्षभराचं प्रशिक्षण, स्वतःचा रोजचा सराव आणि अनुभवी माणसाची देखरेख अपेक्षित असते.

बिघडतं कुठे? जेवणानंतर सतरंजीवर आडवं केलं की निम्मे घोरायला लागतात, म्हणून खुर्चीवर बसवा आणि वेळ साडेअकराची ठेवा. काहींचा श्वासाकडे लक्ष दिलं की जीव घाबरतो. त्यांना डोळे उघडे ठेवून तळपायांकडे किंवा बाहेरच्या आवाजांकडे लक्ष न्यायला सांगा, ‘सहन कर’ म्हणू नका. गळती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होते, आणि न आलेल्याला त्याच संध्याकाळी फोन केला तर बरेच परततात. बैठक चारनंतर ठेवली की मुली येत नाहीत, कारण गावाकडची शेवटची एसटी. लहान गावात सगळे एकमेकांच्या ओळखीचे, तेव्हा ‘इथलं इथेच राहील, फक्त जिवाला धोका असेल तर मी सांगेन’ हे पहिल्याच दिवशी स्पष्ट हवं. आणि भजन, ओंकार, बुद्धवंदना, यातलं काहीही बैठकीत नको. तिन्हींबद्दल मला आदर आहे, पण बारा जणांपैकी एकालाही परकं वाटलं तर तो बोलणार नाही.

दिवसही पाहायला हवेत. पहिल्या सत्रात प्रवेश लांबतात, मग पोळा, गणपती, दसरा, त्यात सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी. वसतिगृहातली मुलंही घरी जातात. सलग आठ आठवडे मिळतात ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून.

आता तो दुसरा सूर. श्वासानं कर्ज फिटत नाही, हे शंभर टक्के खरं. इंग्लंडाकडून काही उचलायचंच असेल तर त्यांचं ध्यान नंतर, आधी त्यांची ही सोय उचलावी: बऱ्याच विद्यापीठांत मानसिक आधार आणि पैशाचा सल्ला शेजारी शेजारी असतो, अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी निधी असतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलाय म्हणून ज्याची झोप उडालीय, त्याच्यासोबत बसून तो अर्ज कुठे थांबलाय हे पाहणं समुपदेशकाच्या कामातच धरावं. आणि इंग्लंडाचं एक उचलू नये. तिथे एकट्यानं उपचार मिळायला रांगा लांब आहेत आणि गट स्वस्त पडतो, म्हणून पुष्कळदा गटाकडे वळवलं जातं. आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञच मोजके, तेव्हा हा मोह दुप्पट होईल.

तरीही हे इथे जमणार नाही, असं मुळीच नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावपातळीवरचे कार्यकर्ते, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी उभी केली होती. २०१७ मध्ये निकाल छापून आले तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलेलं होतं. महाविद्यालयाला हीच साखळी लहान आकारात हवी. चालवणारा एक, सोबतीला एक प्राध्यापिका किंवा समाजकार्याची पदवीधर, आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातला एक ठरलेला माणूस. आठव्या आठवड्यात पीएचक्यू-९ पुन्हा भरून घ्यायचा, उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर आणखी एकदा. तेव्हाही दहाच्या वर असेल त्याच्या हातात नुसती चिठ्ठी द्यायची नाही, सोबत कुणीतरी ओपीडीपर्यंत जायचं. कोण जाईल, कोणत्या वारी जाईल, गाडीभाडं कोणत्या खात्यातून निघेल, हे प्राचार्य आणि रुग्णालय यांच्यात डिसेंबरमध्येच लेखी ठरलेलं असावं. ते ठरलं नसेल तर जानेवारीत गट सुरू करू नये.